पंधराशे रुपयांत बागलाण



मार्गशीर्षात मी आणि माझ्या धाकट्या नणंदबाई तीन दिवस मांगीतुंगीला जाऊन आलो. फोटो पाहून "खर्च किती आला हो?" असे इतके फोन आले की हिशेब इथेच मांडते. बी.कॉम. झालेल्या बाईला कोणी हिशेब मागितला की तिला बरंच वाटतं.

प्रवास ६८० रुपये, खोली आणि जेवणं १,४५०, फळं आणि किरकोळ २१०. दोघींचे मिळून २,३४०. माणशी ११७०. मर्यादा पंधराशेची ठरवली होती, आणि ती वन्संच्या डब्याकडे बघून ठरवली होती. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. फॉल-पिको करून त्या आपलं भागवतात, मुलाकडे हात पसरत नाहीत. मी "चला, मी भरते" म्हटलं असतं तर गुडघ्याचं निमित्त काढून त्या घरीच राहिल्या असत्या. म्हणून "वन्सं, डब्यात किती आहेत?" एवढंच विचारलं आणि तेवढ्यात बसेल असं ठिकाण शोधलं.

नाशिकहून सटाणा, सटाण्याहून ताहराबाद, तिथून जीपने डोंगराच्या पायथ्याला. थेट गाडीची वाट बघत बसू नका, सटाण्याला गाडी बदललेली बरी. मार्च २०२३ पासून आपल्याला एसटीत अर्धं तिकीट आहे. राज्याच्या हद्दीत कुठेही जा, साध्या गाडीने जा नाहीतर निमआरामने. पंचाहत्तरी पार केलेल्या सासूबाई बरोबर असतील तर त्यांना तिकीटच नाही, फक्त आधार कार्ड विसरू नका. आपल्यातल्या कितीतरी जणी अजून ही सवलत फक्त माहेरच्या लग्नाला जाण्यापुरती वापरतात.

सटाणा सोडलं की खरं बागलाण सुरू होतं. डाळिंबाच्या बागा, मधे मधे द्राक्षांचे मांडव, आणि कांदाच कांदा! आम्ही गेलो तेव्हा उन्हाळ कांद्याची लागवड चालू होती. वाफ्यात बायका ओळीने वाकून रोपं लावत होत्या, हात एका लयीत पुढे सरकत होते. वन्सं खिडकीतून टक लावून बघत होत्या. मी चिडवलं, "वन्सं, कांदा वर्ज्य ना आपल्याला?" तर म्हणाल्या, "खायला वर्ज्य, बघायला नाही."

पावसाळ्यात हा मुलूख याहून हिरवा असतो, हे मला माहीत आहे. पण तेव्हा पायऱ्यांवर शेवाळ, पावलागणिक जीवजंतू, आणि चातुर्मास. मार्गशीर्षात गवत सोनेरी झालेलं असतं, हवा स्वच्छ असते, कार्तिकी यात्रेची गर्दीही ओसरलेली असते. फक्त रात्री थंडी सडकून पडते. शाल घ्याच.

आता खाण्याचं. खर्च वाचतो तो इथेच. थंडीत पिठाची मर्यादा सात दिवसांची, त्यामुळे घरच्या ताज्या पिठाचे खाखरे आणि दशम्या तीन दिवस निर्धास्त चालतात. बरोबर बिनलसणाची शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, मुगाचे लाडू. उकळलेलं पाणी चोवीस तास चालतं, म्हणून एक छोटी इलेक्ट्रिक किटली आणि दोन स्टीलच्या बाटल्या नेल्या. बाटलीबंद पाण्यावर एक रुपया गेला नाही. वाटेतल्या हॉटेलात "जैन मिळेल का?" असं विचारत फिरण्याचा त्रासही वाचला. दोन वेळचं जेवण भोजनशाळेत, तेही सूर्यास्ताच्या आत. डिसेंबरात तिकडे सहाच्या आतच सूर्य डोंगराआड जातो, त्यामुळे दिवसाची आखणी त्या वेळेवरच करावी लागते.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला बॅटरी घेऊन चढायला लागलो. सुमारे साडेतीन हजार पायऱ्या आहेत. डोलीचा खर्च आमच्या हिशेबात बसत नव्हता, म्हणून दर पन्नास पायऱ्यांवर बसायचं, णमोकार म्हणायचा, उठायचं. या सिद्धक्षेत्रावरून राम, हनुमान, सुग्रीव आणि ९९ कोटी मुनी मोक्षाला गेले, हे आपण लहानपणापासून ऐकतो. पण मांगीच्या गुंफांमधल्या त्या कोरलेल्या मूर्तींसमोर धापा टाकत उभं राहिल्यावर ते ऐकणं वेगळं वाटतं. २०१६ मध्ये प्रतिष्ठा झालेली १०८ फुटी ऋषभदेवांची मूर्ती याच डोंगरातल्या अखंड पाषाणात घडवली आहे. मांगीवरून तुंगीकडे जाताना मधे डोंगराची चिंचोळी सोंड लागते. तिथे वारा पदर ओढून नेतो. समोर साल्हेर आणि मुल्हेर दिसतात. साल्हेर १,५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला. १६७२ ची मोठी लढाई त्याच्याच पायथ्याशी झाली.

तिथे वन्सं बराच वेळ बसून राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "वहिनी, इथे आलं की देव आठवतो का डोंगरच बघावासा वाटतो? मला डोंगर बघावासा वाटतोय. आणि राहतोय आपण धर्मशाळेत."

हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं आहे, म्हणून जरा थांबून लिहिते. आमच्या सासूबाईंनी सम्मेद शिखर पाहिलं, श्रवणबेळगोळ पाहिलं, महाबळेश्वर मात्र कधी नाही. "तुला डोंगर बघायचाय का?" असं त्यांना कोणी विचारलंच नाही. उंबऱ्याबाहेर पडायला यात्रा हाच परवाना होता. यात्रेच्या नावाखाली त्यांनी थोडा डोंगर पाहिला असेल तर त्यात मला काही गैर दिसत नाही. डोंगर बघून मन शांत झालं तर सामायिकही बरं होतं. पण पैशाची बाजू वेगळी. खोली स्वस्त असते कारण तिचे उरलेले पैसे कोणीतरी दानशूराने आधीच भरलेले असतात. ते यात्रेकरूंसाठी असतात, सहलीसाठी नाही. माझ्या हिशेबात तेवढी रक्कम देणं म्हणून उभी राहते. तशीच खोली आणि तसंच जेवण बाजारभावाने कितीला पडलं असतं याचा अंदाज बांधून मी फरकाची पावती फाडते. यावेळी दोन हजारांची फाडली, माझ्या पैशातून. वरच्या हिशेबात ती धरलेली नाही.

वन्संनी ती पावती पाहिली आणि गप्प झाल्या. मला वाटलं, त्यांना कमीपणा वाटला. त्या काही बोलल्या नाहीत. दुपारी खोलीत मला डुलकी लागली, उठले तर त्या नाहीत. शोधत गेले तर भोजनशाळेमागच्या ओट्यावर बसून गहू निवडत होत्या. मॅनेजरना विचारून स्वतःच बसल्या होत्या. संध्याकाळपर्यंत पाटीभर गहू आणि पाटीभर तूरडाळ झाली. खडे बाजूला, आणि किडे सुपलीवरून अलगद कागदावर घेऊन गवतात सोडलेले. "माझी पावती झाली," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी ताहराबादहून एसटीने मुल्हेर गावात गेलो. किल्ला चढलो नाही, पायात जीवच नव्हता. गाव बघितलं, उद्धव महाराजांच्या समाधीचं दर्शन घेतलं. हे गाव एके काळी बागलाणच्या राजांची राजधानी होतं आणि सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणाऱ्या मालाची वाट याच मुलखातून होती. इथल्या टांकसाळीत चांदीची महमुदी पाडली जायची, हे वन्संना सांगितलं तर त्यांनी माझ्याकडे बघून हात जोडले, "वहिनी, इथेही पैसेच!" येताना शेताच्या बांधावरून डाळिंबं घेतली. तीच वरच्या हिशेबातली फळं.

वन्संचे उरलेले ३३० रुपये परत डब्यात गेले. डब्यावर आता त्यांनी चिठ्ठी चिकटवली आहे: कुंथलगिरी.