ऊर्जा गमावून तापणारे तारे

उष्णता बाहेर गेली की वस्तू निवते, हे कोणाला शिकवावं लागत नाही. चुलीवरून उतरवलेलं पाणी निवतं, उन्हं कलल्यावर कातळ निवतो. उष्मागतिकीच्या पाठ्यपुस्तकात हाच अनुभव नियमाच्या भाषेत येतो: पदार्थाची उष्माधारकता धन असते, म्हणजे ऊर्जा दिली की तापमान चढतं आणि काढून घेतली की उतरतं. मी ज्या विषयात काम करतो, त्या स्वतःच्याच गुरुत्वाने बांधलेल्या समूहांमध्ये मात्र नेमकं उलट घडतं. तारा जसजशी ऊर्जा गमावतो तसतसा तापतो आणि त्याला ऊर्जा मिळाली तर निवतो. त्याची उष्माधारकता ऋण असते. सैद्धांतिक भौतिकीतल्या विरोधाभासांची चर्चा निघाली की जुळ्या भावंडांचं कोडं आणि श्रोडिंगरचं मांजर यांचा मान पहिला. ऋण उष्माधारकतेचा उल्लेख झालाच तर एक चमत्कारिक अपवाद म्हणून होतो. मला हे पटत नाही. गुरुत्वाने एकत्र आलेल्या आणि कणांच्या उष्ण हालचालीवर तोल सांभाळणाऱ्या प्रत्येक समूहाचा हा सर्वसाधारण स्वभाव आहे. अपवादासाठीच्या अटी खरं तर पाण्याच्या नियमाला लावायला हव्यात.

या उलट्या वागण्याचं सर्वात साधं रूप कृत्रिम उपग्रहात दिसतं. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग सेकंदाला साधारण ७.६७ किलोमीटर असतो. तिथेही विरळ हवा असते, ती उपग्रहाला अडवते, त्याची ऊर्जा हळूहळू हिरावून घेते. अडवलं की वेग कमी व्हायला हवा. पण उपग्रह खाली येत २०० किलोमीटरवर पोचतो तेव्हा त्याचा वेग ७.७८ किलोमीटर झालेला असतो. हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. या उतरणीत दर किलोग्रॅममागे गुरुत्वाची स्थितिज ऊर्जा सुमारे १८ लाख ज्यूलनी घटते. त्यातले जवळपास ९ लाख ज्यूल हवा तापवण्यात जातात आणि उरलेले ९ लाख उपग्रहाची गती वाढवतात. एकूण ऊर्जा घटली, गतिज ऊर्जा तेवढ्याच आकड्याने वाढली. १९७९ साली स्कायलॅब कोसळणार म्हणून आपल्याकडेही धास्ती पसरली होती. ती प्रयोगशाळा वर्षानुवर्षं हवेचा अडथळा सोसत खाली येत होती, तेव्हा या हिशोबानुसार तिचा कक्षेतला वेग वाढतच होता.

आता एका उपग्रहाऐवजी असंख्य कण घ्या, पृथ्वीऐवजी त्या कणांचं एकमेकांवरचं आकर्षण घ्या, की तारा तयार होतो. वायूत कणांची सरासरी गतिज ऊर्जा म्हणजेच तापमान. रुडॉल्फ क्लाउझियस यांनी १८७० साली मांडलेलं व्हिरिअल प्रमेय सांगतं की स्थिरावलेल्या, गुरुत्वबद्ध समूहाची एकूण ऊर्जा त्याच्या गतिज ऊर्जेएवढीच असते, पण ऋण चिन्हासह. एकूण ऊर्जा आणखी ऋण झाली, म्हणजे प्रकाशाच्या रूपाने बाहेर गेली, तर गतिज ऊर्जा वाढण्यावाचून गत्यंतर नाही. तारा आकसतो, आकसताना स्थितिज ऊर्जा मोकळी होते, तिचा निम्मा भाग उजेड म्हणून बाहेर पडतो आणि निम्मा ताऱ्याला तापवतो. त्याच वर्षी अमेरिकेत होमर लेन यांनी सूर्याला आदर्श वायूचा गोळा मानून केलेल्या गणितातही हेच दडलेलं होतं: असा गोळा आकसेल तसा तापेल. आजही नवजात ताऱ्याची घडण आपण याच मार्गाने समजावून सांगतो. थंड मेघाचा एक तुकडा ऊर्जा फेकत फेकत तापतो, आणि केंद्र कोटभर अंशांच्या घरात गेल्यावर हायड्रोजनचं संमीलन पेटतं.

यावर पहिला आक्षेप गणिती आहे आणि तो वजनदार आहे. सांख्यिकीय भौतिकीत असं सिद्धच करता येतं की उष्माधारकता ही ऊर्जेतल्या चढउतारांच्या वर्गाच्या सरासरीच्या प्रमाणात असते. वर्गांची सरासरी ऋण होऊ शकत नाही, तेव्हा उष्माधारकताही ऋण होऊ शकत नाही. सिद्धता निर्दोष आहे. पण तिची सुरुवात कुठून होते ते पाहायला हवं: वस्तू एका प्रचंड, ठरावीक तापमानाच्या उष्णतासाठ्याच्या संपर्कात आहे आणि त्याच्याशी तिचा समतोल साधलेला आहे, हे तिथे गृहीत असतं. तारा अशा साठ्यात ठेवून पाहा. योगायोगाने थोडी उष्णता ताऱ्यातून साठ्यात गेली, तर तारा साठ्यापेक्षा गरम होतो; मग आणखी उष्णता बाहेर जाते, तो आणखी तापतो. उलट थोडी आत आली तर तो निवतो आणि आणखी उष्णता ओढून घेतो. स्थिर समतोल कधी होतच नाही, म्हणून सिद्धतेला पायाच उरत नाही. दुसरं गृहीतक याहून खोल आहे. एक लिटर पाण्याचे दोन भाग केले तर दोन्ही भागांच्या ऊर्जांची बेरीज मूळ ऊर्जेएवढी भरते, कारण पाण्याचा रेणू फक्त शेजाऱ्यांना धरून असतो. गुरुत्वात प्रत्येक कण प्रत्येक कणाला ओढतो. अर्ध्या ताऱ्याची ऊर्जा ही ताऱ्याच्या ऊर्जेची निम्मी नसते. वॉल्टर थिरिंग यांनी १९७० साली एका साध्या प्रतिकृतीवरून हा घोळ निस्तरला: एकट्या, अलग समूहाला ऋण उष्माधारकता पूर्णपणे शक्य आहे, साठ्याला जोडलेल्या समूहाला नाही. हा गुणधर्म एकट्या गुरुत्वाचाही नाही. २००१ साली सोडियमच्या १४७ अणूंच्या पुंजक्यावर केलेल्या प्रयोगात, पुंजका वितळण्याच्या सुमारास, ऊर्जा वाढवल्यावर तापमान उतरताना आढळलं.

दुसरा आक्षेप असा की ताऱ्याला एक तापमान कुठे असतं? सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे ५,८०० केल्व्हिन आणि केंद्रात जवळपास दीड कोटी. मग तापमान वाढलं असं म्हणण्याला अर्थ काय? इथे आकडेच उत्तर देतात. केंद्रापासून पृष्ठभागापर्यंतचं अंतर सुमारे ७ लाख किलोमीटर आहे, म्हणजे तापमानाचा सरासरी उतार किलोमीटरला वीस-एकवीस अंश, सेंटिमीटरला एका अंशाचा सुमारे पाच-हजारावा भाग. सूर्याच्या अंतर्भागात प्रकाशाचा कण सेंटिमीटरभरही न जाता कशावर तरी आदळतो. त्याच्या दोन टकरींमधल्या अंतरात तापमान जवळजवळ बदलतच नाही. प्रत्येक ठिकाणी तापमानाला तंतोतंत अर्थ आहे, आणि तारा आकसतो तेव्हा जागोजागचं हे तापमान वर जातं.

माझ्या मताला सर्वात भक्कम आधार मात्र रोजच्या सूर्याचा आहे. केंद्रातल्या हायड्रोजनच्या संमीलनाचा वेग तापमानाच्या साधारण चौथ्या घाताप्रमाणे वाढतो. तापमान एक टक्का चढलं तर ऊर्जानिर्मिती चार टक्क्यांनी चढते. केंद्राची उष्माधारकता पाण्यासारखी धन असती, तर जास्त ऊर्जेने जास्त तापमान, त्याने आणखी ऊर्जा, असं होत होत सूर्याचा स्फोट झाला असता. प्रत्यक्षात जादा ऊर्जा मिळताच केंद्र फुगतं, फुगल्याने निवतं आणि संमीलन मंदावतं. निर्मिती कमी पडली तर ते आकसतं, तापतं आणि संमीलनाला वेग येतो. सुमारे ४६० कोटी वर्षं हा तोल असा सांभाळला गेला आहे. या काळात सूर्याची तेजस्विता अंदाजे तीस टक्क्यांनी वाढली, पण ती केंद्रातल्या हायड्रोजनचा हेलियम होत गेल्यामुळे, अतिशय सावकाश. ज्या गुणधर्माला आपण विक्षिप्त म्हणतो, त्याच्याशिवाय पृथ्वीवर जीवसृष्टीला उत्क्रांत व्हायला वेळच मिळाला नसता.

मग इंधन संपल्यावर काय? हा प्रश्न आर्थर एडिंग्टन यांनी १९२० च्या दशकात विरोधाभासाच्या रूपात समोर आणला, आणि मला तो या सगळ्या इतिहासातला सर्वात सुंदर प्रश्न वाटतो. व्याधाचा जोडीदार तारा साधारण सूर्याएवढ्या वस्तुमानाचा, पण आकाराने पृथ्वीएवढा. इतकं दाबलेलं द्रव्य निवून पुन्हा साध्या घन पदार्थाच्या घनतेला यायचं असेल, तर ताऱ्याला गुरुत्वाविरुद्ध पसरावं लागेल आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा त्याच्याकडे नाही. उजेड तर तो सतत फेकतोच आहे. ज्याच्याजवळ निवण्यापुरतीही ऊर्जा नाही त्या ताऱ्याचा शेवट कसा होणार? १९२६ साली राल्फ फाउलर यांनी उत्तर दिलं, तेही पुंजभौतिकी नुकतीच आकार घेत असताना. पाउलींच्या अपवर्जन तत्त्वानुसार दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत, म्हणून दाटीत कोंडलेल्या इलेक्ट्रॉनांना शून्य तापमानालाही प्रचंड गती असते. व्हिरिअल प्रमेयाला हवी असलेली गतिज ऊर्जा इथे आहे, पण तिचा तापमानाशी संबंध तुटलेला आहे. त्यामुळे असा श्वेत बटू तारा पाण्यासारखा निवू शकतो. १९३० च्या जुलैअखेर मुंबईहून बोटीने निघालेल्या एकोणीस वर्षांच्या चंद्रशेखर यांनी प्रवासात फाउलर यांच्याच सिद्धांताला सापेक्षता जोडली. पुढे त्यातून निघालेली सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानाची मर्यादा सर्वांना माहीत आहे. तिचा अर्थ माझ्या मुद्द्याच्या भाषेत सांगायचा तर, निवण्याची ही सवलत एका ठरावीक वजनापर्यंतच मिळते.

श्वेत बटूंचा दाखला माझ्या विरोधात वापरता येतो हे मी जाणतो: तारेसुद्धा शेवटी पाण्याच्याच नियमाला येतात, मग अपवाद कोणाचा? पण धन उष्माधारकता मिळालेल्या ताऱ्यात इंधन पुन्हा पेटलं तर काय होतं ते पाहा. सूर्यासारखा तारा तांबडा राक्षसी झाला की त्याच्या गाभ्यातले इलेक्ट्रॉन असेच कोंडलेले असतात. तापमान १० कोटी अंशांवर पोचलं की तिथे हेलियमचं संमीलन सुरू होतं, आणि त्याचा वेग तापमानाच्या जवळपास चाळिसाव्या घाताने वाढतो. गाभा तापतो, पण दाब तापमानावर अवलंबून नसल्यामुळे फुगत नाही; फुगत नाही म्हणून निवत नाही. संमीलन बेफाम होतं आणि गाभ्यातले इलेक्ट्रॉन त्या कोंडीतून सुटेपर्यंत थांबत नाही. सुटले की ऋण उष्माधारकता परत येते आणि तारा पुन्हा शांतपणे जळू लागतो. श्वेत बटूत कार्बन पेटला तर तेवढीही संधी मिळत नाही, सगळा तारा फुटतो. विश्वाचं प्रसरण मोजायला आपण वापरतो ते ‘एक-अ’ प्रकारचे अतिदीप्त नवतारे हेच. रोजच्या अनुभवाशी जुळणारं वागणं ताऱ्यात येतं तिथे इंधन सावकाश जळू शकत नाही.

ताऱ्यांच्या समूहातही हेच, फक्त तिथे कणांच्या जागी तारे असतात. गोलाकार तारकागुच्छात लाखांच्या संख्येने तारे एकमेकांभोवती फिरतात आणि जवळून जाताना ऊर्जेची देवाणघेवाण करतात. मधल्या दाट गाभ्यातून ऊर्जा बाहेरच्या विरळ भागाकडे झिरपते. गाभा ऊर्जा गमावतो म्हणून आकसतो, त्यातले तारे आणखी वेगाने फिरू लागतात, म्हणजे गाभा तापतो. बाहेरचा भाग त्या मानाने तापत नाही, त्यामुळे दोन्हींतला फरक वाढतच जातो. अँटोनोव्ह यांनी १९६२ मध्ये याचं गणित मांडलं, लिंडन-बेल आणि वुड यांनी १९६८ मध्ये त्यामागचं ऋण उष्माधारकतेचं कारण उलगडलं. आपल्या आकाशगंगेतल्या सुमारे दीडशे गुच्छांपैकी अंदाजे एक-पंचमांश गुच्छांचे गाभे असे कोसळलेले दिसतात. महाश्व तारकासमूहातला एम १५ हा त्यांपैकी एक. कोसळणं अडवतात ते जोडतारे. जवळून जाणारा तिसरा तारा घट्ट जोडीकडून ऊर्जा घेऊन वेगाने निघून जातो, आणि जोडी आणखी घट्ट होऊन आणखी वेगाने फिरू लागते. दोन ताऱ्यांची जोडीसुद्धा ऊर्जा गमावून ‘तापते’. या सगळ्या प्रश्नांचा सांख्यिकीय पाया नीट समजून घ्यायचा तर टी. पद्मनाभन यांनी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत असताना १९९० साली लिहिलेला विस्तृत आढावा मी आजही विद्यार्थ्यांच्या हाती देतो.

एक शेवटचा आक्षेप उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमाच्या बाजूने येतो. एन्ट्रॉपी वाढत जाते, तर सगळं पसरून एकसारख्या तापमानाला यायला हवं. इथे तर द्रव्य गोळा होतंय आणि तापमानातली दरी रुंदावतेय. हेल्महोल्ट्झ यांनी १८५४ सालच्या एकाच व्याख्यानात दोन्ही गोष्टी मांडल्या होत्या: सूर्य आकसून उष्णता मिळवतो, आणि विश्वातली उष्णता शेवटी सर्वत्र सारखी होऊन सगळ्या हालचाली थांबतील. दुसऱ्या नियमाचं उल्लंघन इथे कुठेच होत नाही. आकसणाऱ्या ताऱ्याची स्वतःची एन्ट्रॉपी घटते, पण त्याने बाहेर टाकलेल्या प्रकाशाची एन्ट्रॉपी त्याहून जास्त असते, आणि उष्णता प्रत्येक पायरीवर गरमाकडून थंडाकडेच वाहते. चुकीचं आहे ते एवढंच, की गरमाकडून थंडाकडे वाहणारी उष्णता दोन्हींना जवळ आणते हे मानणं. कृष्णविवरात तर ही गोष्ट टोकाला जाते. हॉकिंग यांच्या १९७४ च्या निष्कर्षानुसार सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं तापमान एका केल्व्हिनचा सुमारे १ कोटी ६० लाखावा भाग असतं, आणि वस्तुमान वाढलं की ते आणखी घटतं. आज असं कृष्णविवर २.७ केल्व्हिनच्या वैश्विक प्रारणात बुडालेलं आहे. ते सभोवतालची ऊर्जा शोषतं, त्यामुळे जड होतं, आणि आणखी थंड होतं. विश्व प्रसरण पावत ते प्रारण कृष्णविवराहूनही थंड होईल तेव्हा प्रवाह उलटेल; कृष्णविवर ऊर्जा गमावू लागेल आणि त्या घडीपासून तापत जाईल.