गिंडीची काळविटं

सिरुसेरीच्या संगणक कंपन्यांत नोकरीला असलेल्या मुलांकडे जाणारे आईवडील महाबलीपुरम हटकून पाहतात. गिंडीला मात्र सहसा कोणी वळत नाही. भर चेन्नईत, राज्यपालांच्या निवासस्थानाला लागून, जेमतेम २.७ चौरस किलोमीटरचं हे राष्ट्रीय उद्यान. इंग्रजांच्या काळी ते शिकारीचं राखीव रान होतं. इथली काळविटं गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९२४ मध्ये आणून सोडली, असं सांगतात.

गंमत पाहा, १९३२ च्या सुमारास हाच प्राणी अमेरिकेत टेक्सासला नेला गेला. तिथल्या खासगी कुरणांवर आजही पैसे मोजून त्याची शिकार करता येते, आणि त्या पैशांसाठीच मालक कळप जपतात! आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने त्याला अभय दिलं. पण नुसत्या अभयाने भागत नाही. काळविटाला लांबवर दिसेल, भरधाव पळता येईल असा उघडा माळ लागतो. गिंडीत झाडंझुडपं माजली, चितळं वाढली आणि माळ आक्रसला. झाड लावणं म्हणजे पुण्यच, असं मानणाऱ्या आपल्याला हे पटायला जड जातं. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या रेहेकुरीला ज्यांनी काळविटांचे कळप पाहिले आहेत, त्यांना मात्र चटकन उमगेल. गिंडीतल्या काळविटांना तसा माळ उरला आहे तो मुख्यतः जुन्या पोलो मैदानावर.