माहेरची विकेट

मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे आपल्या राज्याचे तीन रणजी संघ. यातला आपला कुठला, हा प्रश्न बहुतेकांना आयुष्यात कधी पडत नाही. मला पडला, कारण माझं माहेर विदर्भातल्या खापरखेड्याचं आणि सासर कल्याणचं.

लहानपणी आमच्याकडे विदर्भ हरला ही बातमीच नव्हती. संघ रणजीत आला १९५७-५८ साली, आणि पुढच्याच मोसमापासून मुंबईनं ओळीनं १५ वर्षं करंडक कुणाला दिला नाही. बाबा वीज केंद्रातून शिफ्ट करून आले की पेपरातला धावफलक बारकाईनं वाचायचे. डावानं हरलो नाही म्हणजे पोरं बरी खेळली, असा त्यांचा हिशेब. जिंकण्याची हौस मात्र ते मुंबईकडून भागवून घेत. गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर ही आमच्याही घरातलीच माणसं होती. यात कुणाला काही वावगं वाटत नसे, कारण तेव्हा रणजी विभागवार खेळली जाई. विदर्भ मध्य विभागात, मुंबई पश्चिम विभागात. दोघं समोरासमोर येण्याची वेळच सहसा येत नव्हती. दोन्ही संघ आपले म्हणायला पैसे पडत नव्हते.

लग्न होऊन कल्याणला आले तेव्हा ही जुनी सवय बरोबर आणली. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, बँकेच्या संघातून कांगा लीग खेळलेले. भर पावसाळ्यात ओल्या खेळपट्टीवर चेंडू कसा उसळतो ते ते अजूनही जेवताना हातवारे करून सांगतात. मुंबईच्या मॅचचा विषय निघाला की सून आणि सासरा एका बाजूला, बाकी घर दुसऱ्या बाजूला. शेजारच्या डोंबिवलीत वाढलेला रहाणे, कल्याणचा तुषार देशपांडे, ही मुलं मलाही ‘आमची’ वाटायला लागली होती. विदर्भ बरीच वर्षं खालच्या प्लेट गटातच अडकलेला, त्यामुळे त्याची अडचण नव्हती.

अडचण सुरू झाली तो जिंकायला लागल्यावर. २०१७-१८ च्या उपांत्य सामन्यात कोलकात्याला कर्नाटकाला अवघ्या ५ धावांनी हरवलं. मग इंदूरच्या अंतिम सामन्यात रजनीश गुरबानीनं दिल्लीविरुद्ध हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक ठोकलं, आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा विजेता झाला. बाबा फोनवर काहीच बोलेनात. नुसता नाक ओढल्याचा आवाज. अण्णांनी माझं मनापासून अभिनंदन केलं आणि वर म्हणाले, “शेवटी कोच कोण? चंदू पंडित, आमचाच. आणि विजयाच्या धावा काढल्या कुणी? वसीम जाफरनं. तोही आमचाच.”

बोलणं खोटं नव्हतं. पण मला इतका राग येईल असं मला वाटलं नव्हतं. साठ वर्षांनी माहेरी एक करंडक आला, तर त्यावरही सासरचं नाव! पुढच्या वर्षी नागपुरात सौराष्ट्राला हरवून विदर्भानं तो राखला, तेव्हा मी पेढे आणले आणि अण्णांच्या हातावर दोन ठेवले.

खरी परीक्षा झाली मार्च २०२४ मध्ये. अंतिम सामना, वानखेडे, मुंबई विरुद्ध विदर्भ. ऑफिसात, सोसायटीत एकच वाक्य ऐकू येई, “तुझं बरं आहे, कोणीही जिंकलं तरी तुझंच.” पाचव्या दिवशी रजा टाकली आणि अण्णांबरोबर निघाले, दादरला गाडी बदलून चर्चगेट. विदर्भापुढे लक्ष्य ५३८ चं. आदल्या दिवशीचे ५ बाद २४८, म्हणजे अजून २९० हव्या होत्या. अण्णा म्हणाले, “जेवायच्या आत आटपेल, दुपारची लोकल पकडू.”

आटपलं नाही. वाडकर आणि हर्ष दुबे लंचपर्यंत हललेच नाहीत. वाडकर पाय पुढे टाकून, मान खाली घालून चेंडू पायाशीच मारायचा. टाळी वाजवावी असं त्यात काहीच नव्हतं. तरी प्रत्येक चेंडूनंतर माझा श्वास सुटायचा. अण्णांनी हातातला पेपर घडी घालून घालून पुडीएवढा केला होता. “शॉर्ट लेग जवळ आण रे,” असं ते मधूनच पुटपुटत. समोर आमच्या कल्याणचा तुषार धावत येत होता आणि मी मनात म्हणत होते, बाहेर टाक, बाहेर टाक. वाडकरचं शतक झालं. फलकावर ५ बाद ३५३. फक्त १८५ राहिल्या. फक्त! मी हिशेब करायला लागले होते.

तनुष कोटियननं वाडकरला पायचीत केलं, १०२ वर. पाठोपाठ दुबेही ६५ करून परतला. १५ धावांत पाच गडी गेले. शेवटी उमेश यादव खेळत होता, आमच्या शेजारच्या वलनीच्या खाणकामगाराचा मुलगा, विदर्भातून कसोटी खेळलेला पहिला. रहाणेनं चेंडू धवल कुलकर्णीकडे दिला. धवलचा हा शेवटचा सामना. लोक उभे राहिले, अण्णाही राहिले. त्या माणसानं मुंबईसाठी इतकी वर्षं घाम गाळलेला. शेवटची विकेट त्याला मिळावी असं कुणालाही वाटेल. मला वाटत नव्हतं. उमेशचा त्रिफळा उडाला, मुंबई १६९ धावांनी जिंकली, ४२ वं विजेतेपद आलं. सगळं स्टेडियम नाचत असताना मी पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत आणि काढत बसले होते.

रात्री धाकट्या भावाचा फोन आला. “काऊन वं ताई, जिंकली ना तुही मुंबई!” तुही. तिकडचे मला इकडची धरतात आणि इकडचे तिकडची.

खेळाडूचं सोपं असतं. जाफरनं मुंबई सोडून विदर्भाची टोपी घातली, कर्नाटकचा करुण नायर विदर्भात आला, पंडितांनी तर मध्य प्रदेशाला शिकवून २०२२ च्या अंतिम सामन्यात मुंबईलाच हरवलं. त्यांना ना हरकत दाखला मिळतो. पोटापाण्याचा खेळ आहे, कुणी नावं ठेवत नाही. बघणाऱ्याला असा दाखला देणारं ऑफिस अजून निघालेलं नाही.

पुढच्याच मोसमात, फेब्रुवारी २०२५ मध्ये, नागपूरला उपांत्य सामन्यात परतफेड झाली. पार्थ रेखाडेनं एकाच षटकात रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे यांना घरी पाठवलं. मुंबई ८० धावांनी हरली. कल्याणात जन्मलेली माझी लेक दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी आनंद साजरा केला तो स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांच्या आवाजात. अंतिम सामना केरळशी अनिर्णित राहिला, पहिल्या डावाच्या ३७ धावांच्या आघाडीवर करंडक नागपूरला आला. त्या सामन्यात अण्णा पाचही दिवस विदर्भाच्या बाजूनं होते. “आता प्रश्न राज्याचा आहे, सूनबाई,” म्हणाले.

कुणी तुम्हाला दोन्ही संघ आपलेच असं सांगितलं, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. दोघांची अंतिम लढत असेल तेव्हा त्याला मैदानावर घेऊन जा आणि शेवटची जोडी खेळत असताना पाचच मिनिटं त्याच्याकडे बघा. त्याचा संघ कोणता ते तुम्हाला कळेल, आणि त्यालाही.