निवडुंगाचा चीक आणि डॉक्टरचा डोळा

ज्याला झाडांची हौस आहे पण पाणी घालायला वेळ नाही, त्याने निवडुंग लावावेत. मी तेच केलं. माझ्या साताऱ्यातल्या गच्चीवर मेक्सिकोकडचं घायपात आहे, मादागास्करची पानफुटी आहे, अरबस्तानातली कोरफड आहे आणि आफ्रिकेतला शेरही आहे. सगळी मंडळी परदेशी, पण आता इतकी आपली झालीत की त्यांचं मूळ गाव कुणी विचारत नाही. पानात नाहीतर खोडात पाणी साठवायचं आणि पुरवून पुरवून वापरायचं, हा त्यांचा स्वभाव. त्यामुळे माण-खटाव किंवा जतच्या कोरड्या हवेत ती खुशाल राहतात.

साताऱ्याचा पाऊस मात्र त्यांना सोसत नाही. पहिल्याच पावसाळ्यात माझी निम्मी झाडं मुळाशी कुजली. सांगलीच्या बहिणीला काही रोपं दिली होती. तिने ती मळ्यातल्या काळ्या मातीत लावली, रोज मायेने पाणी घातलं आणि महिन्याभरात तीही गेली. काळी माती पाणी धरून ठेवते, मुळांना हवा मिळत नाही. औषधासारखा पाण्याचाही डोस असतो, हे मला झाडांनी शिकवलं. आता मी भोक असलेली कुंडी घेतो. तांबडी माती, जाड वाळू आणि विटांचे तुकडे घालतो. माती पूर्ण सुकली तरच पाणी देतो. जून ते सप्टेंबर कुंड्या पत्र्याखाली असतात. कुंडीखाली ताटली ठेवत नाही, कारण त्यात साचलेल्या पाण्यात डेंग्यूचे डास वाढतात.

एवढी अक्कल आली आणि मग खरा धडा मिळाला.

गेल्या उन्हाळ्यात शेर फार माजला म्हणून कात्री घेऊन छाटायला बसलो. हातमोजे नाहीत, चष्मा खिशात. एक फांदी कापली आणि पांढऱ्या चिकाचा थेंब डोळ्यात उडाला. पेशंटने जे केलं असतं तेच मी केलं. त्याच चिकट हाताने डोळा पुसला, पाण्याचे दोन हबके मारले आणि उरलेली छाटणी पूर्ण केली! संध्याकाळपर्यंत नुसतं चुरचुरत होतं. रात्री मात्र डोळा उघडेना, दिवा सहन होईना, सगळं धूसर. सकाळी डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं आणि आधी मला चांगलं झापलं. चिकाने डोळ्याच्या काळ्या भागावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सोलवटला होता. आतही सूज होती. थेंब, मलम आणि रोज तपासणी असे दहा दिवस गेले. नजर परत आली. उशीर झाला असता, जंतुसंसर्ग झाला असता, तर कॉर्नियावर कायमचा डाग राहू शकला असता.

फसगत कुठे होते? सुरुवातीला दुखणं कमी असतं आणि काही तासांनी वाढतं, म्हणून माणूस गाफील राहतो. दुसरं म्हणजे नाव. फड्या निवडुंगही निवडुंग आणि तिधारी निवडुंगही निवडुंगच. पण फड्याच्या आत पाणीदार गर असतो. तिधारी निवडुंग, शेर, थोर आणि नर्सरीत मिळणारी काटेरी, लाल फुलांची युफोर्बिया ही एकाच कुळातली. यांच्यात पांढरा चीक असतो आणि तो कातडीला, डोळ्याला जाळतो. म्हणून रोप घेताना नुसतं नाव विचारू नका, "चीक येतो का?" असं विचारा.

असं झाड असेल तर ते मुलांच्या हाताला लागेल असं ठेवू नका. छाटताना हातमोजे आणि चष्मा घाला. काम झाल्यावर हात आणि कात्री साबणाने धुवा.

तरीही चीक डोळ्यात गेलाच, तर डोळा चोळू नका. आधी हात झटपट धुवा, कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. पापण्या उघड्या धरून नळाच्या संथ धारेखाली किमान पंधरा ते वीस मिनिटं डोळा धुवा. हो, घड्याळ लावून! तूप, मध, गुलाबपाणी, आईचं दूध काहीही घालू नका. कपाटातले जुने थेंब तर मुळीच नकोत, त्यात स्टेरॉइड असू शकतं. मग दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा आणि मोबाइलमध्ये झाडाचा फोटो घेऊन जा.

शेर मी काढून टाकला नाही. त्याचा काय दोष? त्याला गुरांपासून जीव वाचवायचा असतो. फक्त त्याच्या कुंडीशेजारच्या खिळ्याला आता एक चष्मा कायमचा टांगलेला असतो. तुमच्याही गच्चीत एक खिळा ठोका.