संध्याकाळला पडलेले पट्टे

कादंबरीचा मजकूर लेखकाच्या हाती असतो आणि मुखपृष्ठ दैवाच्या! लेखकाने तीनशे पानांत विणलेली संध्याकाळ वाचायला वाचकाला आठ दिवस लागतात. मुखपृष्ठावरची संध्याकाळ तो दुकानात उभ्या उभ्या पाहतो आणि तेवढ्यात पुस्तक घ्यायचे की ठेवायचे हे ठरवून टाकतो. आम्हा लिहिणाऱ्या मंडळींना मुखपृष्ठाची धास्ती वाटते ती यामुळेच.

माझ्या नव्या कादंबरीचा शेवट कयाधू नदीच्या काठी, हळदीच्या दिवसांत होतो. आमच्या हिंगोली जिल्ह्यात या दिवसांची कळा काही निराळीच असते. फाल्गुन-चैत्रात शेतोशेती हळद शिजते, उन्हात वाळते, ढोलात फिरून तिला झिलई चढते आणि मग गाड्या भरभरून ती वसमतच्या अन् हिंगोलीच्या बाजाराकडे निघते. त्या दिवसांत सूर्य कलला, की खाली पसरलेला पिवळा रंगच हळूहळू वर चढून आभाळ झाला आहे असे वाटते. मुखपृष्ठावर मला हेच हवे होते. ते काम मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला सांगितले.

हा मुलगा तीन वर्षांपूर्वी दहावीला गणितात नापास झाला. गुण 32. आईबाप हळदीच्या कामावर मजुरीला जातात. हा कुठूनसा जुना संगणक पैदा करून लग्नपत्रिका आणि फलक करून देतो. त्याने काढलेले चित्र पाहून मी गप्पच झालो. तळाशी हळदीचा पिवळा, वर केशरी, मग फिका गुलाबी आणि अगदी वर निळा. पिवळा कुठे संपला आणि केशरी कुठे सुरू झाला, हे बोट ठेवून दाखवण्याची कुणाची छाती झाली नसती.

पंधरा दिवसांनी प्रूफ आले, आणि त्यावरच्या आभाळाला पट्टे पडले होते! एकावर एक रचलेले, पासोडीच्या काठासारखे सरळ पट्टे. मुलाचे वडील शेजारी उभे होते. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि भाबडेपणाने विचारले, "सर, आभाळाला पायऱ्या कामून केल्या?" मुलगा एवढेच म्हणाला, "सर, हे पट्टे मी नाही काढलेले." त्याच संध्याकाळी प्रकाशकांचा फोन आला. पोरगा नवशिका दिसतो, पुण्याच्या एखाद्या चित्रकाराकडून नवे करून घेऊ, असा त्यांचा विचार. मी आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

त्या आठ दिवसांत गणितात नापास झालेल्या मुलाने मला गणित शिकवले. माझे आणि गणिताचे सख्य मॅट्रिकबरोबरच संपले असल्यामुळे मी आज्ञाधारक विद्यार्थ्यासारखा ऐकत होतो. तो म्हणाला, संगणक रंग ओततो असे आपल्याला वाटते, पण तो रंग मोजतो. नेहमीच्या 8 बिटच्या फाईलमध्ये एका रंगाच्या अंधारापासून उजेडापर्यंत फक्त 256 पायऱ्या असतात. आपल्या आभाळाच्या एका रंगात बदल आहे तो यांच्या पाचव्या हिश्शाएवढा, म्हणजे सुमारे 51 पायऱ्यांचा. पुस्तकाची उंची साडेआठ इंच, म्हणजे 216 मिलिमीटर. भागाकार केला, की प्रत्येक पायरी चार मिलिमीटरची होते. एवढी रुंद पायरी सपाट जागेत डोळ्याला सापडू शकते.

पुढे छपाईचा हिशेब वेगळाच. ऑफसेट यंत्र फिका रंग छापत नाही. ते गडद शाईचे लहानमोठे ठिपके छापते आणि आपला डोळा त्यांचा फिका रंग करून घेतो. प्लेट इंचाला 2400 बिंदूंची असेल आणि ठिपक्यांची जाळी 150 ओळींची, तर एका ठिपक्याच्या घरात 16 गुणिले 16, म्हणजे 256 बिंदू बसतात. प्लेट 1200 ची असेल तर 8 गुणिले 8, केवळ 64! मग आपल्या आभाळाच्या वाट्याला जेमतेम तेरा पायऱ्या येतात, आणि एकेक दीड सेंटिमीटरहून रुंद होते.

आमच्या बाबतीत आणखी एक भर पडली होती. चौकशी केली तेव्हा कळले, की चित्र छापखान्यापर्यंत पोचताना व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून इकडून तिकडे गेले होते. असा फोटो पाठवताना आकार कमी व्हावा म्हणून त्यातल्या जवळजवळच्या छटा एकीत एक मिळवल्या जातात. आभाळात तर जवळजवळच्या छटांवाचून दुसरे असते काय?

दोष सगळा यंत्राचाच असतो असेही नाही. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने 1865 साली डोळ्याची एक खोड दाखवून दिली. दोन छटा एकमेकींना भिडतात, तिथे डोळा उजळ बाजूची कड अधिक उजळ आणि गडद बाजूची कड अधिक गडद करून पाहतो. फरक असतो तिळाएवढा, दिसतो ताडाएवढा.

यावरचा उपाय मात्र मोठा गमतीचा आहे. चित्रात थोडी धूळ टाकायची! संगणकवाले तिला नॉइज म्हणतात. आभाळ सुरुवातीपासून 16 बिटमध्ये रंगवायचे, कारण 8 बिटमध्ये एकदा गेलेल्या पायऱ्या नंतर फाईलचे बिट वाढवून परत येत नाहीत. मग शेवटी, चित्राचे माप पक्के झाल्यावर, एक-दोन टक्के कण सगळीकडे भुरभुरायचे. हातभर अंतरावरून ते दिसत नाहीत, पण पायरीची कड त्यांच्यामुळे मोडते. दोन पिवळे कण केशरीत जातात, दोन केशरी पिवळ्यात येतात. आणि फाईल फोटो म्हणून न पाठवता मूळ स्वरूपात, पेनड्राइव्हवर न्यायची.

मुलगा म्हणाला, "सर, माझी बहीण रांगोळीत हेच करते." खरेच की! दिवाळीत अंगणात रंग भरणाऱ्या मुली दोन रंगांच्या सीमेवर चिमूट जरा सैल सोडतात, आणि रंग एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथेही प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे, आणि देवीच्या गालावरची लाली फिकी होत जावी म्हणून कारागीर दगडावर आधी दाट, मग विरळ, मग तुरळक ठिपके देत. आमच्या आजीच्या देवघरातली लक्ष्मी अशीच ठिपक्याठिपक्यांनी उजळलेली होती.

दुसरे प्रूफ आले. आभाळ सलग होते. प्रकाशकांनी पुण्याचा विषय पुन्हा काढला नाही. मुलाचे नाव आतल्या पानावर छापायचे त्यांनी कबूल केले, आणि ठरलेले पैसेही पाठवले. वडिलांनी ते प्रूफ मागून नेले. घरात ते पत्र्याच्या भिंतीला चिकटवले आहे असे ऐकतो.

मी मास्तर माणूस. दर वर्षी पेपर तपासतो, तेव्हा 34 च्या मुलात आणि 35 च्या मुलात काय अंतर असते ते मला ठाऊक आहे. एक उदाहरण, कधी उदाहरणातली एक पायरी. पण निकालाच्या दिवशी एकाच्या घरी पेढे येतात आणि दुसऱ्याच्या घरी चूल पेटत नाही. कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मला कळते. परीक्षेला तिच्यावाचून चालायचे नाही. ती कागदावर राहती तर तक्रार नव्हती. ती गावाच्या डोळ्यांत शिरते, तिथे तिची कड दसपट गडद होते, आणि तीन वर्षे मुलाच्या नावाआधी 'नापास' हा शब्द लावला जातो.

या मुलाने आता गणिताचा फॉर्म पुन्हा भरला आहे. काल रात्री तो वही घेऊन आला होता. भागाकार बिनचूक करतो, प्रमेयांत अडखळतो. मी त्याला शेवटपर्यंत न अडवता एक प्रमेय सोडवू दिले. ते निम्मे बरोबर आले.