चोर सोडून संन्याशाला

स्वतःच्याच भाषेतल्या काही शब्दांनी इंग्रजीभाषकांच्या कपाळावर आठी पडते, आणि ही आठी आजची नव्हे. १७१० मध्ये जोनाथन स्विफ्टने ‘टॅटलर’ या नियतकालिकात ‘मॉब’, ‘बँटर’ अशा शब्दांवर यथेच्छ तोंडसुख घेतले. ‘नोटिस’, ‘अ‍ॅडव्होकेट’ आणि ‘प्रोग्रेस’ या नामांची लोक क्रियापदे करू लागले, याचा बेंजामिन फ्रँकलिनला संताप येई. १७८९ मध्ये त्याने नोआ वेब्स्टरला पत्र लिहून, तुमचे वजन वापरून हे थांबवा, अशी गळ घातली. वेब्स्टरने १८२८ च्या कोशात तिन्ही क्रियापदे घातली. तक्रारदार त्याआधीच वारला होता. १८३२ मध्ये कोलरिजला ‘टॅलेंटेड’ रानटी वाटला. आज तोच शब्द पोराला लावला की आईबाप सुखावतात. तेव्हा शब्दांवर रागावणे हा शुद्ध वेडेपणा, असे म्हणून मोकळे होता येईल. पण राग खराच असतो, फक्त तो भलत्यावर निघतो.

अमेरिकेतल्या मारिस्ट संस्थेच्या २००९ च्या पाहणीत ४७ टक्के लोकांनी बोलण्यातला सर्वांत त्रासदायक शब्द म्हणून ‘व्हॉटएव्हर’ला मत दिले, आणि पुढेही वर्षानुवर्षे तो पहिला येत राहिला. हा शब्द नवा नाही, उच्चाराला कर्कश नाही, व्याकरणातही चोख बसतो. मग डाचते काय? तुझ्या बोलण्याला उत्तर देण्याचीही मला गरज वाटत नाही, हे तो एका शब्दात सांगतो. डाचतो तो अपमान. ‘मॉइस्ट’ची गोष्ट याहून बोलकी आहे. ओलसरपणा सांगणाऱ्या या साध्या शब्दाची अनेकांना किळस येते, आणि त्याचा आवाजच ओंगळ आहे, असे ते कारण देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र तशाच आवाजाच्या ‘हॉइस्ट’ने त्यांना काही झाले नाही, किळस जोडलेली निघाली शरीरधर्मांशी. म्हणजे चिडलेल्या माणसालाही आपण कशाने चिडलो हे नीट ठाऊक नसते!

यावर जॉर्ज ऑर्वेलची साक्ष काढली जाईल. तयार वाक्प्रचार विचाराची जागा बळकावतात, हे त्याने १९४६ मध्ये लिहिले आणि ते खोटे नाही. २००४ मध्ये ब्रिटनच्या ‘प्लेन इंग्लिश कँपेन’च्या समर्थकांनी ‘अ‍ॅट द एंड ऑफ द डे’ला सर्वांत वैतागवाणा ठरवले, त्यामागेही हाच वैताग असावा. पण वाक्प्रचार हद्दपार करून लपवाछपवी थांबते का? माणसे कामावरून काढणाऱ्या कंपन्या ‘डाउनसायझिंग’ म्हणत. तो शब्द बदनाम झाला तेव्हा ‘राइटसायझिंग’ आला. नोकऱ्या गेल्या त्या गेल्याच. मिशिगनमधले लेक सुपीरियर स्टेट विद्यापीठ १९७६ पासून दर नववर्षाला हद्दपार शब्दांची यादी काढते, अर्धी थट्टा म्हणून, आणि यादीला कधी तोटा पडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक रास्त आहे: ‘लाइक’, ‘लिटरली’ यांत ना अपमान ना लपवाछपवी, निव्वळ पुनरुक्तीने कान किटतात. किटतात खरे, पण निवडून किटतात. पोरीबाळींच्या तोंडचे ‘लाइक’ मोजणाऱ्या प्रौढाला स्वतःचे ‘यू नो’ ऐकू येत नाही. आणि अतिशयोक्तीसाठी ‘लिटरली’ वापरणे डिकन्सलाही वर्ज्य नव्हते. आपल्याकडे पुण्या-मुंबईत वाक्याच्या सुरुवातीला येणाऱ्या ‘बेसिकली’चा राग मराठीच्या शुद्धतेच्या नावाने केला जातो. पण त्याच वाक्यातले ‘ऑफिस’ आणि ‘मीटिंग’ कोणाला खुपत नाहीत. खुपतो तो समजावून सांगणाऱ्याचा वरचढ सूर, आणि ‘बेसिकली’ काढून तिथे ‘मुळात’ बसवले तरी तो सूर जागचा हलत नाही.