चिखलदरा : सातपुड्याच्या माथ्यावरील ठेवा

मुक्तागिरीच्या यात्रेस जाणारे आपले बहुतेक यात्रेकरू दर्शन घेऊन परतवाड्याहूनच माघारी वळतात. तेथून सुमारे ३० किलोमीटरचा घाट चढला की, १,१०० मीटर उंचीवरील चिखलदरा लागते. वडशासारख्या भातशेतीच्या सपाट मुलखातून येणाऱ्यास येथील गार वारा आणि खोल दऱ्या यांचे अप्रूप वाटते.

भीमाने कीचकास मारून याच दरीत टाकले, म्हणून ‘कीचकदरा’ आणि पुढे चिखलदरा, अशी लोकश्रुती आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनी १८२३ नंतर येथे उन्हाळी वस्ती वसविली, बंगले बांधले आणि कॉफीही लावली. महाराष्ट्रात विरळ असणारे हे पीक येथे आजही पाहावयास मिळते.

गावाजवळच गाविलगड आहे. बहामनी सुलतान अहमदशहाने १४२५ मध्ये त्याची उभारणी केली. दिल्ली दरवाजावरील गंडभेरुंडाचे शिल्प आवर्जून पाहावे. १५ डिसेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने हा गड घेतला. किल्लेदार बेनीसिंग लढताना पडला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहात नागपूरकर भोसल्यांना कटक आणि वर्धेच्या पश्चिमेकडील वऱ्हाड सोडावे लागले. आपला वैनगंगेचा काठ तेव्हा याच भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे हा इतिहास आपल्यालाही परका नाही.

मात्र वारसा केवळ दगडांत नसतो. भोवतालच्या पाड्यांतील कोरकू बांधवांची भाषा मुंडा कुळातील, मराठीहून सर्वस्वी निराळी. १९७४ पासून व्याघ्रप्रकल्प असलेले मेळघाटचे अरण्य त्यांच्या ओळखीचे आहे. पर्यटक ‘पॉइंट’ मोजत फिरतात. या माणसांशी दोन शब्द बोलणारे थोडेच.

बँकेच्या सेवेत आयुष्य गेल्याने एक हिशेब मनात येतो. गड, अरण्य, पाणी आणि बोली ही अशा गावाची मुद्दल होय. पर्यटनाचे उत्पन्न हे तिचे व्याज. व्याजावर गाव सुखाने जगेल. मुद्दलीस हात लागला, तर पुढील पिढीच्या खात्यात शिल्लक उरणार नाही. प्लॅस्टिकचा कचरा आणि गडाच्या भिंतींवर कोरलेली नावे ही त्या मुद्दलीचीच उचल आहे.

हाच हिशेब घराजवळही लागू पडतो. आरमोरी तालुक्यातील वैरागड एके काळी हिऱ्यांच्या खाणींसाठी प्रसिद्ध होते. ‘ऐन-ए-अकबरी’तही त्यांचा उल्लेख आहे. तेथील किल्ला वडशाकरांपैकी कितींनी पाहिला असेल? चिखलदऱ्यास अवश्य जावे. पण त्याआधी एक रविवार वैरागडासाठी राखावा, आणि नातवंडांना सोबत न्यावे.